व्हितेर्बोचे चौबळकाका

आमच्या हॉस्पिटलच्या कॅन्टीनमधल्या टीव्हीचा आवाज कायम बंद असतो. त्या दिवशी त्यावर सकाळपासून एकच दृश्य होतं. रोममधलं एक छप्पर, छपरावर एक धुराडं आणि धुराड्याशेजारी बसलेला एक पक्षी. नवा पोप निवडायला कार्डिनल मंडळी आत कोंडून बसली होती आणि बाहेर सगळं जग पांढरा धूर कधी निघतो त्याची वाट बघत होतं. माझ्या टेबलावरची एक नर्स कंटाळून म्हणाली, "अजून ठरत नाही यांचं?" मी म्हणाले, "हे काहीच नाही. व्हितेर्बोला जवळजवळ तीन वर्षं लागली होती." बोलून गेले आणि माझी मीच दचकले. ते वाक्य माझं नव्हतं. चौबळकाकांचं होतं, आणि चौबळकाकांना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं.

डॉ. चौबळ लंडनजवळ वॉटफर्डला आमच्यापासून दोन घरं सोडून राहायचे. पेशाने भूलतज्ज्ञ. मी या हॉस्पिटलात फार्मसिस्ट म्हणून लागले तेव्हा ते निवृत्तीला आले होते. उंच, जरासे वाकलेले, बारा महिने अंगात तोच करडा कार्डिगन. खिशात पेन कधी नसे, पेन्सिल असे. पेनाने लिहिलं की माणूस आपल्या मताला चिकटून बसतो असं त्यांचं म्हणणं होतं. स्वतः मात्र पेन्सिलीने लिहूनही मताला गोचिडीसारखे चिकटायचे.

निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, क्रूझवर जातात, नाहीतर नातवंडांना शाळेतून आणतात. काकांनी तेराव्या शतकातले पोप धरले. सगळे पोपही नाहीत. इटलीतल्या व्हितेर्बो नावाच्या एका गावात त्या काळात पोप राहायचे, तेवढेच. हे वेड लागलं ते एका चुकीच्या गाडीमुळे. रोमला त्यांची कुठलीशी परिषद होती. परिषद संपल्यावर काका-काकू फिरायला म्हणून निघाले, भलत्याच गाडीत बसले आणि व्हितेर्बोला उतरले. परतीच्या गाडीला अवकाश होता, म्हणून पोपांचा महाल बघायला गेले. तिथल्या मोठ्या दालनात दगडी जमिनीला भोकं आहेत. त्यातल्या एकात काकांच्या बुटाची टाच अडकली आणि ते साष्टांग पडले. तिथल्या म्हाताऱ्या रखवालदाराने त्यांना उठवलं आणि ती भोकं कशाची ते हातवारे करून सांगितलं. "टाच अडकली नसती," काका म्हणायचे, "तर मी ब्रिज खेळत म्हातारा झालो असतो."

ती भोकं तंबूच्या खांबांची, असं तिथले लोक सांगतात. झालं होतं असं की एक पोप वारले आणि नवा निवडायला कार्डिनल व्हितेर्बोत जमले. महिने गेले, वर्ष गेलं, ठरेना. निम्मे फ्रेंचांच्या बाजूचे, निम्मे विरुद्ध. गाव त्यांना पोसून पोसून वैतागलं. शेवटी गावकऱ्यांनी दारांना कुलपं घातली. तरी ठरेना. मग जेवण तोडून नुसता पाव आणि पाणी सुरू केलं. तरीही ठरेना, तेव्हा त्यांनी सरळ महालाचं छप्पर काढलं. वरून ऊन-पाऊस यायला लागल्यावर कार्डिनलांनी आत तंबू ठोकले, पण पोप काही निवडला नाही. ही गोष्ट सांगताना काका इथे थांबायचे, चष्मा काढायचे आणि म्हणायचे, "वैशाली, माणूस पावसात तंबू ठोकून राहील, पण दुसऱ्याचं म्हणणं मान्य करणार नाही."

त्यांची अभ्यासाची पद्धत खास त्यांचीच होती. ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ रोग्याला तपासून एक कागद भरतो: वय, वजन, हृदय, फुप्फुसं, दात किती हलतात, आधी कशाचा त्रास झाला होता का. काकांनी तसला एकेक कागद एकेका कार्डिनलाचा भरला होता. "वय सत्तरीच्या पुढे. संधिवात. पायऱ्या चढताना दम. फ्रेंच पक्ष. भूल देण्यास धोका जास्त." हे सगळं पेन्सिलीने, डॉक्टरी अक्षरात. त्यांचा सिद्धान्त असा होता की इतिहासकार देवाधर्माचा आणि राजकारणाचा विचार करतात, मूत्राशयाचा करत नाहीत. ज्या माणसाला तासातासाला उठावं लागतं, तो तीन वर्षं कोंडून घेऊन बसतो म्हणजे त्याचा हट्ट किती, ते मोजा. मी फार्मसिस्ट म्हणून मला ते विचारायचे, की बाराशे अमुक साली संधिवाताला काय देत असतील. मी काहीतरी सांगायची. ते टिपून घ्यायचे आणि आठवड्याने मला माझीच चूक दाखवायला यायचे.

पुढच्या एका पोपावर त्यांचा विशेष जीव होता, कारण तो पोप होण्याआधी डॉक्टर होता असं मानतात. त्याने व्हितेर्बोच्या महालात स्वतःसाठी नवी खोली बांधून घेतली आणि त्या खोलीचं छत त्याच्याच अंगावर कोसळलं. "आमच्या धंद्यातला एकुलता एक पोप," काका हळहळायचे, "आणि बिल्डर असा मिळाला."

आमच्या इथल्या मराठी मंडळाने एका दिवाळीला त्यांना जेवणाआधी वीस मिनिटं बोलायला सांगितलं. विषय त्यांच्यावर सोपवला, हीच चूक. लोकांना वाटलं, डॉक्टर आहेत, गुडघ्यांवर बोलतील. काका तासभर व्हितेर्बोवर बोलले. आत पुऱ्या गार होत होत्या. छप्पर काढल्यानंतरही पोप निवडला गेला नाही, हे ऐकल्यावर मागच्या रांगेतून आवाज आला, "अहो डॉक्टर, लवकर निवडा हो तो पोप, मुलांना भूक लागलीय." सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांनी घड्याळ बघितलं, "व्हितेर्बोचे लोकही हेच म्हणत होते," म्हणाले आणि आणखी दहा मिनिटं बोलले. सुमनकाकू पहिल्या रांगेत डोळे मिटून शांत बसल्या होत्या. त्यांनी हे व्याख्यान घरी किती वेळा ऐकलं असेल देव जाणे.

तरी त्याच मंडळाने त्यांना पुढे एकदा निवडणूक अधिकारी केलं, कारण ते कुठल्याच गटात नव्हते. ईलिंगचे जुने लोक, वॉटफर्डचे डॉक्टर आणि मिल्टन कीन्सची आयटीवाली मंडळी असे तीन गट. अध्यक्ष आपलाच हवा, असं तिघांचंही ठाम मत. जानेवारीत दुपारी दोनला हॉलमध्ये सभा सुरू झाली. साडेचार झाले तरी ठरेना. चहाच्या तीन फेऱ्या झाल्या, बटाटेवडे संपले. काका उठले, स्वयंपाकघरात गेले आणि तिथल्या बायकांना म्हणाले, "आता चहा बंद." मग बॉयलरच्या कपाटात वाकून त्यांनी हीटिंग बंद केलं आणि खुर्चीवर येऊन बसले. कोट घातला, मफलर गुंडाळला, हात खिशात. पंधरा मिनिटांत लोकांच्या तोंडातून वाफ दिसायला लागली. कुणीतरी ओरडलं, "अहो काका, धिस इज रिडिक्युलस, म्हातारी माणसं आहेत इथे!" काका म्हणाले, "मीही आहे. निवडा."

पाऊण तासाच्या आत अध्यक्ष निवडला. तिन्ही गटांना चालेल असं एकच नाव निघालं, पाटणकरांचं, कारण ते त्या दिवशी हजर नव्हते. ते नाशिकला सासूबाईंच्या पंच्याहत्तरीला गेले होते. आपण अध्यक्ष झाल्याचं त्यांना व्हॉट्सॲपवर कळलं. घरी येताना गाडीत काका इतके खूश मी आधी कधी पाहिले नव्हते. व्हितेर्बोतही शेवटी हेच झालं होतं, म्हणाले. जो निवडला तो तिथे नव्हताच, साधा कार्डिनलसुद्धा नव्हता, दूर समुद्रापलीकडे धर्मयुद्धाला गेलेल्या फौजेबरोबर होता.

माणूस मजेदार होता, पण सोबत राहायला सोपा नव्हता. दुसऱ्यांचं ठरत नाही म्हणून हसणाऱ्या या माणसाचं स्वतःचं एक काही ठरत नसे. पुण्याला परत जायचं, हे काका-काकूंचं मुलं लहान असल्यापासून चाललं होतं. तिथे फ्लॅट होता. काकू दर वर्षी तिथल्या पडद्यांचं माप घेऊन यायच्या. काका म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघू." मग निवृत्तीनंतर बघू, मग पुस्तक संपलं की बघू. पुस्तक संपलं नाही. काकू वॉटफर्डलाच गेल्या, एका साध्या न्यूमोनियाने. त्यानंतर काकांनी पुण्याचं नाव काढलं नाही. एकदा मी डबा द्यायला गेले तर ते कार्डिनलांचे कागद पसरून बसले होते. मान वर न करता म्हणाले, "मी कुणाचंच छप्पर काढायला नको होतं. माझंच कुणीतरी काढायला हवं होतं." मी डबा ओट्यावर ठेवला आणि भाजी फ्रिजमध्ये ठेवा म्हणून सांगितलं.

पुढे ते बाथरूममध्ये पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन आमच्याच हॉस्पिटलात नीट झालं. भूल देणाऱ्या मुलीला त्यांनी टेबलावर झोपूनच दोन सूचना केल्या. तीन आठवड्यांत ते वॉकर धरून चालायला लागले आणि त्यांच्या नावापुढे वॉर्डाच्या फलकावर हिरवा ठिपका लागला. हिरवा ठिपका म्हणजे वैद्यकीय दृष्ट्या घरी जायला तयार. मी रोज सकाळी औषधं तपासायला त्या वॉर्डात जायची. त्यांची घरी न्यायची औषधं मी तेव्हाच पिशवीत भरून ठेवली. ती पिशवी मला त्यानंतर तीनदा उघडून पुन्हा भरावी लागली.

काकांना घरी जायचं होतं. दुसरं काही नाही. स्वतःचं घर, खालच्या खोलीत पलंग, दिवसातून चार वेळा येणारी मदतनीस. मुलगी मीनल एडिनबरोहून फोनवर तेच म्हणायची. मुलगा निखिल मिल्टन कीन्सला असतो, त्याला ते त्याच्याजवळच्या केअर होममध्ये हवे होते. तो इथेच जन्मलेला, मराठी त्याच्या पद्धतीने बोलतो. मला म्हणाला, "वैशालीमावशी, बाबा पुन्हा पडला तर? मी फॉर्टी मिनिट्स लांब आहे. केअर होममध्ये नर्स ऑल द टाइम असतो. आय कान्ट डू धिस अगेन." त्याचे डोळे लाल होते. तो वाईट नव्हता. तो दर दोन दिवसांनी ऑफिस सुटल्यावर गाडी चालवत यायचा. भाऊ-बहीण एकमेकांशी बोलत नव्हते, सोशल वर्करमार्फत बोलत होते. सोशल वर्कर दर पंधरवड्याला बदलत होती. कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, मदतनीस शिल्लक नव्हत्या, आणि पुढची सोय ठरल्याशिवाय हॉस्पिटल सोडत नव्हतं. मीटिंग ठरायची आणि पुढे जायची.

अशा वेळी काकांनी एक चूक केली. दुसऱ्या कुणी केली नसती. घरी एकटं राहण्याचा निर्णय ते समजून घेऊ शकतात का, हे तपासायला एक तरुण डॉक्टरीण आली. नेहमीचे साधे प्रश्न. तिने विचारलं, आपण कुठे आहोत? काका म्हणाले, "व्हितेर्बो." किती दिवस झाले इथे? काकांनी समोरच्या ट्रेमधल्या सँडविचकडे बघितलं. "तिसरं वर्ष. पाव आणि पाण्यावर आणलंय." आणि आत्ताचे पंतप्रधान कोण? "द सीट इज व्हेकंट," काका पोपच्या रिकाम्या गादीबद्दलचं वाक्य म्हणाले आणि हसले. ती हसली नाही. तिने सगळं लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांचा चार्ट उघडला तर त्यात लिहिलेलं: स्थळकाळाचं भान नाही, आपण इटलीत आहोत अशी समजूत, निर्णयक्षमतेबद्दल शंका, मेमरी टीमकडून पुन्हा तपासणी. मी चार्ट तसाच उघडा ठेवून त्या मुलीला शोधत गेले. तिला व्हितेर्बो, छप्पर, तंबू सगळं सांगितलं. ती बिचारी लाल झाली. म्हणाली, मला वाटलं ते गोंधळलेत, मला कसं कळणार? खरंच होतं. पण मेमरी टीमला कळवून झालं होतं, आणि मेमरी टीमची तारीख साडेतीन आठवड्यांनंतरची होती. निखिलला हे कळल्यावर तो म्हणाला, "सी? मी सांगत होता." मीनल फोनवर रडली.

मी काकांवर रागावले. पहिल्यांदाच. "कशाला गंमत केलीत, काका? दोन मिनिटं सरळ उत्तरं द्यायला काय झालं होतं?"

ते खिडकीकडे बघत होते. "अगं, आयुष्यभर लोकांना हेच प्रश्न विचारलेत मी. भूल उतरली का ते बघायला. वाटलं, तिलाही जरा गंमत वाटेल."

साडेतीन आठवड्यांनी तपासणी झाली तेव्हा मी कोपऱ्यात उभी होते. वार? "मंगळवार." ठिकाण? त्यांनी हॉस्पिटलचं नाव सांगितलं, वॉर्डाचा नंबर सांगितला, मजला सांगितला. पंतप्रधानांचं नाव सांगितलं. शंभरातून सात वजा करत करत खालपर्यंत आले, एकदाही चुकले नाहीत. आवाजात काही नव्हतं. इतका आज्ञाधारक झालेला तो माणूस बघून मला भरून आलं. ते पास झाले. कागदावर निर्णयक्षमता परत मिळाली. मदतनीस मात्र तरीही शिल्लक नव्हत्या, आणि दोन्ही मुलं आपापल्या जागी तशीच होती.

अकराव्या आठवड्यात, एका दुपारी, मी औषधं बघत असताना त्यांनी मला बसायला सांगितलं. त्यांच्या पायाच्या पोटऱ्या पार सुकल्या होत्या. वॉकर पलंगाच्या पलीकडे भिंतीला लागलेला होता. त्यांना तो उचलून द्यायला कुणाला वेळ नव्हता.

"तुला एक सांगायचं राहिलंय," ते म्हणाले. "त्या कार्डिनलांमधला एक आजारी पडला. फार मोठा कायदेपंडित. मग आतल्यांनी गावच्या अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं, की हा मतदानाचा हक्क सोडतोय, याला बाहेर जाऊ द्या. पत्राखाली ठिकाण काय लिहिलंय माहितीय? छप्पर नसलेल्या महालातून."

"मग? सोडलं त्याला?"

"सोडलं. पोप त्याच्याशिवायच निवडला गेला. पुढे वर्ष-सव्वा वर्षाने. तोवर तो आत असता तर मेलाच असता." त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. "निखिलला फोन लावून दे. त्याला म्हणावं, तू म्हणतोस तिथे येतो मी."

"काका, तुमचं मत तुमचं आहे. आता कागदावरसुद्धा आहे. अजून थोडं थांबलं तर..."

"सोडलं मी ते. बाहेर काढा मला."

मी फोन लावून दिला. मीनलला त्यांनी स्वतः सांगितलं. ती पाच मिनिटं बोलत होती आणि ते नुसतं "हो बाळा, हो" म्हणत होते. जिथे अकरा आठवड्यांत काही ठरलं नव्हतं, तिथे तीन दिवसांत सगळं ठरलं. सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही वाटलं, हे कबूल करायला हवं. माझ्या यादीतून एक नाव कमी झालं.

त्यांना नेलं तो माझा सुट्टीचा दिवस होता. दुपारी मी घरात इस्त्री करत होते तर खिडकीतून निखिलची गाडी दिसली, काकांच्या घरासमोर उभी, इंजिन चालू. मी चप्पल घालून तशीच धावत गेले. काका पुढच्या सीटवर होते, अंगावर करडा कार्डिगन, मांडीवर मीच भरलेली औषधांची पिशवी. काच खाली होती. ते घराकडे बघत होते. उतरता येण्यासारखं नव्हतं, दाराला दोन पायऱ्या होत्या, आणि निखिल एकटा होता.

"बाबा म्हणाला, घरावरून जाऊ या," निखिल मला हळूच म्हणाला. त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते आणि तो समोर रस्त्याकडे बघत होता.

मी दाराशी वाकले. मला वाटलं, काका काहीतरी बोलतील, पोपांचं, काकूंचं, निदान काहीतरी. ते म्हणाले, "वैशाली, आमची ब्राऊन बिन बाहेरच राहिलीय का गं?"

कचऱ्याची ती बिन खरंच बाहेर होती. मी पडलो त्या आठवड्यात बाहेर काढली असेल, काका म्हणाले. शेजाऱ्यांनी ती फुटपाथवरून बाजूला सरकवून ठेवली होती, एवढंच. मी म्हणाले, "मी आत ठेवते, काका. काळजी करू नका."

"गेटची कडी वर उचलून मग ढकल. नाहीतर उघडत नाही." त्यांनी हात बाहेर काढून हवेतच कडी कशी उचलायची ते दाखवलं, दोनदा. मग हात आत घेतला. "चल, निखिल."

गाडी कोपऱ्यावरून डावीकडे, मोटरवेच्या दिशेने वळली. मी बिन ओढत त्यांच्या गेटपर्यंत नेली आणि आधी नुसतंच ढकललं. गेट उघडलं नाही. मग त्यांनी दाखवलं तशी कडी उचलली, आणि उघडलं. आत गवत गुडघ्याएवढं झालं होतं. मी बिन भिंतीला लावून ठेवली आणि तिथेच उभी राहून रडले, कारण त्या घरात शिरण्याची रीत आता मला माहीत होती, आणि तिथे राहायचं होतं ते मला नव्हे, त्यांना.